सेवा, मानधन आणि वेतन : जामखेडच्या प्रयोगाच्या अनुषंगाने एक विचार

श्रमाच्या मोबदल्याला मराठीत जितकी नावे आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या व्यवहाराला असतील. शेतावर मिळते ती मजुरी, कचेरीत मिळतो तो पगार, कीर्तनकाराला द्यावयाची ती बिदागी, भटजींच्या हातावर ठेवावयाची ती दक्षिणा, आणि गावकामगाराच्या वाट्याला येई ते बलुते. ही नावे केवळ शब्दसंपत्तीची द्योतक नव्हेत. देणारा आणि घेणारा यांच्यांतील नाते कोणत्या प्रकारचे मानले जाते, याची ती साक्ष देतात. पगार हा मागता येतो, दक्षिणा मागता येत नाही. मजुरी कमी मिळाल्यास तक्रार करता येते, बिदागी कमी मिळाल्यास मन खट्टू होण्यापलीकडे काही करता येत नाही. या मालिकेत गेल्या अर्धशतकात एका शब्दाला शासनव्यवहारात विलक्षण महत्त्व प्राप्त झाले आहे. तो शब्द म्हणजे ‘मानधन’. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा स्वयंसेविका आणि गटप्रवर्तक या स्त्रियांना जे मिळते ते वेतन नसून मानधन अथवा कामावर आधारित मोबदला होय, अशी शासनाची भूमिका राहिलेली आहे. आणि ही भूमिका बदलावी, यासाठी या स्त्रियांनी महाराष्ट्रात दीर्घकाळ चळवळ चालविली आहे.

प्रस्तुत लेखात या चळवळीचा समग्र इतिहास सांगण्याचा हेतू नाही. शुश्रूषेच्या व संगोपनाच्या कामाचे रास्त मोल कसे ठरवावे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. आणि तो करताना अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडचा प्रयोग हे मुख्य उदाहरण घ्यावयाचे आहे. याचे कारण असे की, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्री ही आरोग्यव्यवस्थेचा पाया होऊ शकते हे जगाला पटवून देण्यात जामखेडचा वाटा मोठा आहे, आणि अशा स्त्रीला वेतन द्यावयाचे की नाही, या वादात दोन्ही पक्ष याच प्रयोगाचा दाखला देऊ शकतात.

(१) जामखेडचा प्रयोग

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथे झालेले होते. बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमेजवळचा हा तालुका अवर्षणग्रस्त. बाजारपेठा आणि मोठी रुग्णालये दूर. एकदा बरे करून घरी पाठविलेले मूल त्याच अतिसाराने वा त्याच कुपोषणाने पुन्हा रुग्णालयात येते, हा या डॉक्टरांचा पूर्वीच्या रुग्णालयीन कामातील अनुभव. तेव्हा रोगाचे मूळ जेथे आहे तेथेच, म्हणजे घरात, आडावर आणि शेतात काम झाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

आरंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा प्रयत्न झाला. तो फारसा यशस्वी झाला नाही. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेस गावात एकटीने राहणे कठीण, आणि गावातील बायकांनाही तिच्यापाशी मन मोकळे करणे अवघड. यातून गावानेच निवडलेल्या, गावातच राहणाऱ्या स्त्रीला शिकवावे, ही कल्पना पुढे आली. या स्त्रियांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित समाजातील होत्या. काही नवऱ्याने टाकलेल्या वा विधवा होत्या. त्या वेळोवेळी जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकून परत जात. गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, मीठ-साखरेचे पाणी, लसीकरण, कुष्ठरोग व क्षयरोग यांची ओळख, कुटुंबनियोजन असे विषय त्या शिकल्या व त्यांनी ते गावात रुजविले. जिच्या हातचे पाणी घेण्यास गाव तयार नव्हते तिलाच बाळंतपणासाठी घरात बोलावणे भाग पडू लागले. जातिभेदावर इतका प्रत्यक्ष आघात केवळ व्याख्यानांनी झाला नसता.

या प्रयोगाची दखल लवकरच घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात त्याचा समावेश झाला. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी संकल्पना मांडली गेली, तिला आधारभूत ठरलेल्या उदाहरणांत जामखेड होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासातही, प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांचे मृत्युप्रमाण शेजारच्या गावांच्या तुलनेने कमी आढळले. एवंच, कामाच्या गुणाविषयी शंका घेण्यास जागा नाही.

आता प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. जामखेडच्या ग्राम आरोग्य कार्यकर्तीला नियमित पगार देण्याची पद्धत प्रकल्पाने स्वीकारली नाही. तिने गावाशी बांधील राहावे, वरून येणाऱ्या हुकुमाशी नव्हे, ही त्यामागील दृष्टी होती. उपजीविकेसाठी तिला छोट्या उद्योगाचे शिक्षण व कर्जाऊ भांडवल मिळण्याची सोय करण्यात आली. या गोष्टीचा अर्थ ‘सेवेला वेतनाची गरज नाही’ असा अनेकांनी लावला. तो बरोबर आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

आमच्या मते तो बरोबर नाही. जामखेडचा प्रयोग पगाराशिवाय चालला हे खरे. परंतु मोबदल्याशिवाय चालला असे म्हणता येणार नाही. त्या स्त्रीला सतत चालणारे शिक्षण मिळाले, भांडवल मिळाले, अडचणीच्या प्रसंगी पाठीशी उभे राहणारे रुग्णालय व डॉक्टर मिळाले, आणि गावच्या व्यवहारात स्थान मिळाले. शिवाय तिच्या कामावर नोंदवह्यांचा, उद्दिष्टांचा आणि वरिष्ठांच्या धाकाचा भार नव्हता. पगार नसणे हा त्या व्यवस्थेचा केवळ एक घटक होता, आणि त्याची भरपाई करणारे इतर घटक सोबत होते. ही भरपाई वगळून केवळ पगार नसण्याचे अनुकरण करणे म्हणजे औषधाची बाटली टाकून देऊन पथ्य तेवढे पाळण्यासारखे होय.

(२) प्रयोगाकडून योजनेकडे

शासकीय योजनांत हे अनुकरण कसे झाले ते पाहू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी जन्मास आली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने गावोगावी एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना काढली. त्यास तीन महिन्यांचे शिक्षण आणि पुढे दरमहा ५० रुपये मानधन मिळावयाचे होते. या योजनेत पुरुषांचाच भरणा अधिक झाला, आणि गावातील वजनदार मंडळींच्या मर्जीने निवडी झाल्याची टीका झाली. जामखेडमध्ये जे निवडीने व शिक्षणाने साधले होते ते येथे साधले नाही. पुढे ही योजना क्षीण होत गेली.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ही नवी भूमिका निर्माण झाली. साधारणपणे हजार लोकवस्तीस एक, त्याच गावची सून अथवा विधवा वा परित्यक्ता, ग्रामसभेच्या संमतीने निवडलेली, अशी ही स्त्री. तिने दिवसाला दोन-तीन तास आणि आठवड्यातून सुमारे चार दिवस काम करावे, असे मूळ कल्पनेत गृहीत धरले होते. ती कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका. म्हणून तिला पगार नाही, प्रत्येक कामामागे ठरलेला मोबदला. आज महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशा आहेत, तर देशात त्यांची संख्या दहा लक्षांच्या घरात जाते.

कामामागे मोबदला ही पद्धत व्यवहारात कशी चालते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम २०११ साली आशांकडे सोपविण्यात आला. या कार्यक्रमामागे गडचिरोली येथील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संशोधनाची प्रेरणा आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बालकास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी द्यावयाच्या. प्रत्येक भेटीत बाळाचे वजन, तापमान, श्वास, नाळ, त्वचा आणि आईचे दूध या गोष्टी पाहावयाच्या, नोंदवावयाच्या आणि धोक्याचे लक्षण दिसल्यास बाळाला पुढे पाठवावयाचे. या सर्वांसाठी ठरलेला मोबदला २५० रुपये. म्हणजे एका भेटीस सुमारे ४१ रुपये ६७ पैसे. त्यातही, मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार ही रक्कम पंचेचाळिसाव्या दिवशी मिळावयाची, आणि ती मिळण्यासाठी वजनाची नोंद, लसी व जन्मनोंदणी यांबरोबरच बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ सुखरूप असावे, ही अट होती.

या शेवटच्या अटीवर क्षणभर थांबणे आवश्यक आहे. हेतू चांगला असेल. आई व बाळ जगावीत हेच तर सर्वांना हवे आहे. परंतु मोबदल्याची अट म्हणून पाहता तिचा अर्थ असा होतो की, जेथे बाळ फार अशक्त जन्मले, जेथे आशेला अधिक वेळा जावे लागले, रात्री-अपरात्री वाहन मिळवावे लागले, आणि तरीही यश आले नाही, तेथे तिच्या श्रमाचे मोल शून्य. रोगी दगावला म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याचा त्या महिन्याचा पगार कापण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. वेतन हे श्रमासाठी असते आणि बक्षीस फलासाठी असते. शुश्रूषेच्या कामात फल कधीच एकट्या श्रमिकाच्या हाती नसते. म्हणून तेथे बक्षिसाचे तत्त्व वेतनाची जागा घेऊ शकत नाही.

(३) मानधनाचा अर्थ

‘मानधन’ या शब्दात मान आधी आणि धन मागाहून येते. ज्याचा चरितार्थ अन्यत्र चालतो त्याने आपल्या विद्येचा वा वेळेचा लाभ दिल्याबद्दल कृतज्ञतेने द्यावयाची रक्कम, असा त्याचा मूळ भाव. व्याख्यात्याला अथवा परीक्षकाला मानधन देणे यथार्थ आहे. परंतु जिचा चरितार्थच त्या रकमेवर अवलंबून आहे, जिला कामाच्या वेळा, नोंदी आणि वरिष्ठ ठरवून दिलेले आहेत, तिच्या बाबतीत हा शब्द वस्तुस्थिती झाकतो.

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत सुद्धा शुश्रूषेचे काम पूर्णतः उपकाराचे मानलेले नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वर्णिलेली बलुतेदारी विषम होती, जन्मावर आधारलेली होती आणि तिचे समर्थन कोणीही करणार नाही. तरीही खळ्यावरील धान्यातला वाटा हा बलुतेदाराचा हक्क समजला जाई. सुईणीलाही धान्य, लुगडे, चोळी मिळे. तसेच सेवा व अर्थार्जन हे परस्परविरोधी आहेत, ही कल्पनाही महाराष्ट्रातील स्त्री-सुधारणेच्या परंपरेला धरून नाही. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, ते त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणूनच. संस्थेच्या नावात सेवा होती आणि उद्देशात स्वावलंबन होते.

कायद्याच्या दृष्टीने या शब्दाला मोठे परिणाम आहेत. कर्मचारी अथवा कामगार म्हटले की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, प्रसूती रजा हे सर्व ओघाने येते. स्वयंसेविका म्हटले की यांपैकी काहीच आपोआप येत नाही. २००६ साली कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात, अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने मात्र योजनांतील या कार्यकर्त्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. आणि २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यान्वये उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. त्या कायद्याच्या व्याख्येपुरते मानधन हे वेतनच होय, असे या निकालात स्पष्ट झाले. शब्दाच्या आवरणाखालील वस्तू न्यायालयाने ओळखली, असे म्हणावयास हरकत नाही.

शासनाच्या भूमिकेतील विसंगती महाराष्ट्रात एकदा फारच ठळकपणे दिसून आली. अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या २०१७ च्या दीर्घ संपानंतर, मार्च २०१८ मध्ये त्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा लागू करण्यात आला. विरोध होताच त्या निर्णयास स्थगिती मिळाली. परंतु प्रश्न राहिलाच. जिची सेवा इतकी अत्यावश्यक की तिने काम थांबविणे हा अपराध ठरावा, ती स्वयंसेविका कशी? स्वयंसेवेचे पहिले लक्षणच असे की ती थांबविता येते.

(४) चळवळीची वाटचाल

या चळवळीचे स्वरूप समजून घेताना एक अडचण ध्यानात ठेवली पाहिजे. गिरणीतला कामगार काम थांबवितो तेव्हा यंत्र थांबते आणि मालकाचे नुकसान होते. आशा वा अंगणवाडी सेविका काम थांबविते तेव्हा तिच्याच शेजारणीचे मूल आहारावाचून राहते. मालक दूर मुंबईत किंवा दिल्लीत, नुकसान दारात. त्यामुळे संप हे शस्त्र उचलणाऱ्याच्या हातालाच आधी लागते. तरीही या स्त्रियांना संप करावे लागले. विखुरलेल्या गावांतील हजारो स्त्रियांना एकत्र आणून विविध संघटनांनी कृती समित्या स्थापन केल्या, ही महाराष्ट्राच्या कामगार इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

कोरोनाच्या साथीने आशांचे काम सर्वांच्या दृष्टीस आणले. घरोघरी सर्वेक्षण, रुग्णांचा शोध, विलगीकरणातील कुटुंबांची विचारपूस, पुढे लसीकरण, ही कामे त्यांनी केली. केंद्राने त्यासाठी दरमहा १ हजार रुपये वेगळे ठरविले. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला आणि त्यांच्या रकमेत काही वाढ झाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. मान असा मिळत गेला; धन मात्र मागूनच मिळवावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला आणि दरमहा ७ हजार रुपयांच्या वाढीचे आश्वासन मिळाल्यावर नोव्हेंबरमध्ये तो मागे घेण्यात आला. आश्वासनानुसार शासन निर्णय निघाला नाही, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा काम थांबले आणि आझाद मैदानावर धरणे झाले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ पासून दरमहा ५ हजार रुपयांची वाढ मान्य केली. त्याच हिवाळ्यात, ४ डिसेंबर २०२३ पासून, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचाही संप सुरू झाला होता व तो पन्नासहून अधिक दिवस चालला.

केंद्राच्या वाट्याची गती याहून मंद राहिली. आशांच्या नित्याच्या कामांसाठीची रक्कम ऑक्टोबर २०१८ पासून दरमहा २ हजार रुपये होती. ती ३ हजार ५०० करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. मधल्या काळात भाव वाढत राहिले, रक्कम स्थिर राहिली. महागाई निर्देशांकाशी जोडलेले वेतन आणि मर्जीनुसार वाढणारे मानधन यांतील अंतर येथे दिसून येते.

(५) आक्षेपांचा विचार

वेतनाविरुद्ध तीन प्रमुख आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पगार मिळू लागला की ती शासनाची नोकर होईल आणि गावाशी असलेले तिचे नाते तुटेल. हा आक्षेप जामखेडच्या विचारातून येतो, म्हणून तो गंभीरपणे घेतला पाहिजे. परंतु आज ती नोकराच्या सर्व बंधनांखाली आहेच. नोंदवह्या, भ्रमणध्वनीवरील माहिती, बैठका आणि उद्दिष्टे तिला सुटलेली नाहीत. सुटले आहेत ते केवळ नोकराचे हक्क. गावाशी नाते टिकवावयाचे असेल तर निवडीत व देखरेखीत ग्रामसभेला खरे स्थान द्यावे. उत्पन्नाची अनिश्चितता हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप, काम अर्धवेळ आहे. असे असेल तर ते मोजावे आणि तासांच्या प्रमाणात वेतन द्यावे. अर्धवेळ काम म्हणजे अर्ध्या हक्काचे काम नव्हे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. तो खोटा नाही. लक्षावधी स्त्रियांचे वेतन हा मोठा भार आहे. परंतु तो खर्च आजही होतो आहे. फरक इतकाच की, तो सरकारी तिजोरीतून न होता या स्त्रियांच्या घरांतून, त्यांच्या न मोजलेल्या वेळातून आणि त्यांच्या मुलींच्या अंगावर पडणाऱ्या घरकामातून होतो.

इतर देशांचा अनुभवही बोधप्रद आहे. पाकिस्तानात १९९४ साली सुरू झालेल्या योजनेतील स्त्री आरोग्य कार्यकर्त्यांनी दीर्घ आंदोलन केले, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर २०१२ पासून त्यांना नियमित सेवेत घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. न्यूझीलंडमध्ये क्रिस्टीन बार्टलेट या वृद्धसेविकेने, आपले काम स्त्रियांचे समजले जाते म्हणूनच त्याचे मोल कमी आहे, असा दावा केला. त्यातून २०१७ चा वेतनसमतेचा कायदा झाला. या दाव्याचे वैशिष्ट्य असे की, तुलना त्याच कामातील पुरुषाशी नव्हती. कौशल्य, जबाबदारी, श्रम व कामाची परिस्थिती या दृष्टींनी तुल्यबळ अशा, परंतु पुरुषबहुल कामाशी होती. २०२५ साली तेथे अशा दाव्यांचा मार्ग पुन्हा कठीण करण्यात आला, यावरून मिळविलेला हक्क टिकविण्यासाठीही जागरूक राहावे लागते, एवढे निष्पन्न होते.

(६) उपसंहार

वरील विवेचनातून रास्त वेतनाच्या तीन कसोट्या हाती येतात. रक्कम प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळाशी जुळणारी असावी. ती श्रमासाठी असावी, दैवाधीन फलासाठी नव्हे. आणि ती महागाईबरोबर आपोआप वाढावी, म्हणजे दर दोन वर्षांनी मैदानावर बसण्याची पाळी येणार नाही. यांपैकी पहिल्या कसोटीसाठी लागणारी सामग्री गोळा करणे हे विद्यापीठाच्या आवाक्यातील काम आहे. एका उपकेंद्राखालील आशांच्या दिवसाची तासवार नोंद, त्यांच्या मोबदल्याच्या पावत्यांची त्या नोंदीशी तुलना, आणि समान कौशल्याच्या इतर ग्रामीण कामांशी मेळ, असा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका वर्षात करता येईल. मात्र ही नोंद करताना ज्या स्त्रीचा वेळ आपण मोजणार, तिचाच आणखी वेळ विनामूल्य खर्च होणार नाही, याची काळजी घेतली पाहिजे.

जामखेडने अर्धशतकापूर्वी एक गोष्ट सिद्ध केली : ज्या स्त्रीला गावाने काहीच येत नाही असे मानले होते तिला पुष्कळ काही येते. तिला जे येते त्याची किंमत काय, हा त्या सिद्धान्ताचा उत्तरार्ध आहे. तो अद्याप लिहून व्हावयाचा आहे.